ख्रिसमस कॅक्टस : तीन हिवाळे गेले, एक कळी नाही!

ओसरी · ७ ऑक्टोबर
नमस्कार मंडळी. बागकाम विभागात मी एरवी वाचनमात्र असते, आज गरजेपोटी धागा काढते आहे.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. शेजारी एक अमेरिकन आजी होत्या, नव्वदीला टेकलेल्या. तीन वर्षांपूर्वी घर विकून त्या वृद्धनिवासात गेल्या आणि जाताना त्यांचा ख्रिसमस कॅक्टस माझ्या हवाली करून गेल्या. कुंडी आपल्या पुरणाच्या पातेल्याएवढी, झाड चारी बाजूंनी दोन-दोन फूट लोंबलेलं. मूळ झाड त्यांच्या आईचं. दर नाताळात मी चकल्या द्यायला जायचे तेव्हा ते गुलाबी फुलांनी नुसतं लगडलेलं असायचं.

आमच्याकडे आल्यापासून एक कळी नाही. मरत म्हणाल तर तेही नाही, चांगलं हिरवंगार आहे. सेवेत माझ्याकडून काही कमी नाही. बैठकीच्या खोलीत खिडकीशी मानाची जागा, आठवड्याला पाणी, महिन्याला खत, शिवाय थंडी बाधू नये म्हणून हीटरच्या झरोक्याशेजारी ठेवलंय. आजींना भेटायला गेले की त्यांचा पहिला प्रश्न, "फुललं का?" मी दोनदा खोटं बोलले आहे. तिसऱ्यांदा जमणार नाही. काय चुकतंय?

काटेकोरांटी · ७ ऑक्टोबर
खोटं बोललीस तेच चुकतंय. झाडाला कळतं सगळं. (हलकेच घ्या.)
प्रचि (प्रकाशचित्र) टाक गं, प्रचिशिवाय बागकामाचा धागा म्हणजे मिठाशिवाय भात.

पाचोळा · ७ ऑक्टोबर
ओसरी, तुमच्या पोस्टमध्येच उत्तर आहे. हीटरचा झरोका! त्याला थंडी बाधत नाही, थंडी हवी असते.

मी मिनेसोटात असतो. माझी कुंडी जून ते सप्टेंबरअखेर मागच्या अंगणात मेपलखाली सावलीत पडलेली असते. रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरल्या तरी आत आणत नाही. पहिलं हिमतुषार पडायचा अंदाज आला की मगच आत, कारण गोठण मात्र सोसत नाही, एका रात्रीत उकडलेल्या दोडक्यासारखं होतं (अनुभवाचे बोल). आत येते तेव्हा टोकांना बारीक लाल ठिपके धरलेले असतात. बाकी काही करत नाही.

शुभंकर · ८ ऑक्टोबर
मूळ प्रश्नाला बगल देत नाही, पण निवडुंग घरात ठेवूच नये असं आपल्याकडे सांगतात. काटेरी झाडाने घरात कटकटी वाढतात. आमच्या एका नातेवाइकांनी ठेवला आणि सहा महिन्यांत भावाभावांत वाद.

काटेकोरांटी · ८ ऑक्टोबर
वाद कशावरून, पाणी कोणी घालायचं यावरून का? आणि माझ्या आयडीबद्दल तुमचं काय मत आहे ते कळलं हो.

ओसरी · ८ ऑक्टोबर
शुभंकर, याला काटे नाहीत हो. हात फिरवला तर मऊ लागतं.
पाचोळा, झरोक्यापासून आजच हलवलं. पण पूर्वी आजींच्या घरात तरी कुठे थंडी होती? तेही आमच्यासारखंच हीटिंग असलेलं घर.

गवतीचहा · ८ ऑक्टोबर
थंडी हे अर्धं उत्तर झालं, उरलेलं अर्धं अंधार. हे झाड दिवस लहान झाला की कळ्या धरतं. त्याला सलग बारा-चौदा तास मिट्ट काळोख लागतो, तोही रोज, निदान सहा आठवडे. मध्ये कोणी पाणी प्यायला उठून दिवा लावला तरी हिशेब बिघडतो. शेवंतीचंही असंच असतं. फुलशेतीवाले शेवंतीला रात्री बल्ब लावतात ते कळ्या लांबवायलाच.

आता खरं सांग, तुमच्या बैठकीच्या खोलीत रात्री दिवा किती वाजेपर्यंत असतो?

ओसरी · ८ ऑक्टोबर
अगं बाई.

आमच्या अहोंची पुण्याच्या टीमबरोबर रात्रीची मीटिंग असते. इथे रात्रीचे अकरा म्हणजे तिकडे सकाळचे साडेआठ. हे त्याच खोलीत बसतात, स्टँडिंग लॅम्प लावून, लॅम्पच्या बरोबर खाली कॅक्टस. साडेबाराला मीटिंग संपते. त्याच भिंतीला देवघर आहे आणि तिथली विजेची समई सासूबाई रात्रभर चालू ठेवायला लावतात.

झेपेल_तेवढं · ८ ऑक्टोबर
हसून हसून पुरेवाट. म्हणजे बिचाऱ्याला गेली तीन वर्षं जूनच चालू आहे.

मेलबर्नची_माई · ९ ऑक्टोबर
आमच्याकडे उलटी गंगा. इथे हे झाड मे ते जुलैत फुलतं, कारण आमचा हिवाळा तेव्हा. ख्रिसमसला भर उन्हाळा, त्यामुळे 'ख्रिसमस कॅक्टस' म्हणायची सोयच नाही. लोक 'झायगोकॅक्टस' म्हणतात, नर्सरीत पाटीही तीच. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा औषधाचं नाव वाटलं होतं.

कुंडीतले_नाना · ९ ऑक्टोबर
विषय आवडीचा निघाला म्हणून थोडं सविस्तर लिहितो. (निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक, पुणे. लांबण लागली तर सोडून द्यावे.)

झायगोकॅक्टस हे जुनं वैज्ञानिक नाव. विज्ञानाने ते टाकून दिलं, पण बाजाराने धरून ठेवलं. आताचं नाव श्लुम्बर्गेरा. १८५८ मध्ये लमेर या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाने फ्रेदेरिक श्लुम्बर्गर या निवडुंगसंग्राहकाच्या नावावरून ही प्रजाती मांडली.

गैरसमजाचं मूळ 'कॅक्टस' या शब्दात आहे. निवडुंग म्हटलं की डोळ्यांपुढे माळरानावरचा फड्या निवडुंग येतो, ऊन, धूळ आणि चार महिने पाणी नाही. हे झाड आग्नेय ब्राझीलमधलं, रिओच्या जवळच्या डोंगररांगांतलं. दमट, धुकट, सावलीचं जंगल. तिथे ते झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांच्या खाचांत साचलेल्या पाचोळ्यात वाढतं. आपल्या सह्याद्रीत आमरी जशी आंब्या-जांभळाच्या फांदीवर बसलेली दिसते, तसं. म्हणून त्याला भर उन्हात ठेवणं चूक, आणि 'निवडुंग आहे, पाणी कशाला' म्हणणंही चूक.

आपण ज्याला पानं म्हणतो ती पानं नव्हेत. ते चपटं, सांधेदार खोड आहे. फुलं येतात ती शेवटच्या सांध्याच्या टोकाला.

आता ओसरीताईंना एक प्रश्न. त्या सांध्यांच्या कडा कशा आहेत? खेकड्याच्या नांगीसारखे टोकदार दाते आहेत की गोलसर, लाटेसारख्या?

बिनपाण्याची_बादली · ९ ऑक्टोबर
फांदीवर बसून खातं म्हणजे बांडगूळच की! आमच्या ऑफिसात आहेत असे दोन.

कुंडीतले_नाना · ९ ऑक्टोबर
बांडगूळ यजमान झाडाच्या अंगात मुळं घालून त्याचा रस ओढतं. हे फक्त बसायला जागा घेतं, जेवण आपापलं. तुमच्या ऑफिसातले कोणत्या प्रकारचे ते तुम्हीच तपासा.

डबलबीन · ९ ऑक्टोबर
नाना _/\_

ओसरी · १० ऑक्टोबर
नाना, कडा गोलसर आहेत. दाते अजिबात नाहीत. आणि सांधे लोंबतात, आडवे पसरत नाहीत. त्याने काय फरक पडतो?

कुंडीतले_नाना · १० ऑक्टोबर
बराच पडतो! तुमच्याकडे अस्सल ख्रिसमस कॅक्टस आहे.

दुकानांत नोव्हेंबरपासून ज्या कळ्या भरलेल्या कुंड्या दिसतात, त्या बहुतेक सगळ्या टोकदार दात्यांच्या असतात. ती जात ट्रंकाटा, अमेरिकेत तिला थँक्सगिव्हिंग कॅक्टस म्हणतात, कारण ती नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सुमारास फुलते. हॉवर्थने १८१९ मध्ये तिचं वर्णन केलं. दुसरी एक जात, रसेलियाना, गार्डनर नावाच्या संशोधकाला १८३७ मध्ये रिओजवळच्या ऑर्गन पर्वतात सापडली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये या दोघींचा संकर झाला तो बकलीआय. गोल कडा, लोंबती फांदी, आणि फूल खरंच नाताळाच्या सुमारास. परागकोश पाहिलेत तर ट्रंकाटाचे पिवळे असतात, बकलीआयचे गुलाबी-जांभळट. जुन्या घरांत आईकडून मुलीकडे आलेली झाडं असतात ती बहुधा हीच.

तिसरा एक ईस्टर कॅक्टस. तोही गोलसर, पण टोकांना राठ केस आणि फूल चांदणीसारखं उघडं. तो वसंतात फुलतो.

गंमत म्हणजे ब्राझीलमध्ये या झाडाचं नाव 'फ्लोर दे मायो', मेचं फूल. माईंच्या मेलबर्नसारखंच.

तिरफळ · १० ऑक्टोबर
म्हणजे एकाच झाडाला कोणी थँक्सगिव्हिंग म्हणतो, कोणी ख्रिसमस, कोणी मे. आम्ही काय घोडं मारलंय? ट्रंकाटा दिवाळीच्या आसपास फुलतो, तर 'दिवाळी कॅक्टस' का नाही?

गोव्यात ख्रिसमसला कुंडी भेट आली होती, पणजीच्या बाल्कनीत ठेवली. ती फुलं संपली आणि मग पाच वर्षं नुसता हिरवा झुपका. वाटायचं आपलंच काहीतरी चुकतंय.

काटेकोरांटी · १० ऑक्टोबर
तिरफळ, मी ठाण्याची, माझीही तीच गत. नाना, मुंबई-गोव्याकडच्यांनी आशा सोडायची का?

कुंडीतले_नाना · १० ऑक्टोबर
आशा सोडू नका, पण दोष स्वतःला देऊ नका. रात्र एकवीस-बावीस अंशांच्या वर राहिली की नुसत्या अंधाराने याचं भागत नाही. पंधराच्या आसपास असेल तर पटकन कळ्या धरतं. किनारपट्टीला डिसेंबरातही रात्र तेवढी क्वचितच उतरते. पुण्यात मात्र नोव्हेंबरात रात्री चांगल्या उतरतात. आणि रात्रीची लांबी म्हणाल तर आपल्याकडे डिसेंबरात तेरा तासांची असते, म्हणजे कुंडीवर खोकं घालून अंधार करायचीही गरज नाही. माझी कुंडी गच्चीच्या जिन्याखाली असते. अट एकच, रस्त्यावरचा दिवा तिच्यावर पडता कामा नये.

डबलबीन · ११ ऑक्टोबर
बंगळुरूहून +१. गच्चीत, आंब्याच्या सावलीत. मी काहीही करत नाही, डिसेंबरात फुलतो. शेजारीण विचारते खत कोणतं, मी गूढ हसते.

शुभंकर · ११ ऑक्टोबर
पण तो ब्रह्मकमळ असतो ना घरोघरी, त्याचाही लोंबता चपटा पाला असतो. तो तर शुभ मानतात. रात्री फुलला की लोक आरती करतात. त्याचं कसं?

कुंडीतले_नाना · ११ ऑक्टोबर
शुभंकरराव, छान मुद्दा काढलात. आपल्या अंगणातलं 'ब्रह्मकमळ' हेदेखील निवडुंगच आहे! एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. या श्लुम्बर्गेराचं चुलत भावंड म्हणा. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ सॉस्युरिया, सूर्यफुलाच्या कुळातलं, त्याचा याच्याशी काहीएक संबंध नाही. म्हणजे निवडुंग घरात ठेवून त्याची आरती करण्याची प्रथा आपल्याकडे आहेच.

झेपेल_तेवढं · ११ ऑक्टोबर
शुभंकर, आता भावाभावांना ब्रह्मकमळ द्या एकेक.

शुभंकर · ११ ऑक्टोबर
घरी दोन आहेत. 😀 ते निवडुंग असतं हे माहीत नव्हतं. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

नवी_पालवी · १२ ऑक्टोबर
माझ्या झाडाचे सांधे लालसर-जांभळे झालेत, सुरकुतलेत पण. आणि घरात मांजर आहे, ती चावते. विषारी नाही ना?

गवतीचहा · १२ ऑक्टोबर
मांजराला विषारी नाही, अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेच्या यादीत कुत्र्या-मांजरांसाठी सुरक्षित म्हणून नोंद आहे. उलटी केली तर झाडाच्या नाही, हावरटपणाच्या नावावर टाक.

लालसर म्हणजे ऊन जास्त झालं असावं, आधी तिथून सरकव. सरकवूनही रंग गेला नाही तर मॅग्नेशियम कमी पडत असेल. एक गॅलन पाण्यात चमचाभर एप्सम सॉल्ट, वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, खत घालशील त्या आठवड्यात नको. सुरकुत्यांचं मात्र नीट बघ. माती कोरडी ठाक असेल तर तहान आहे. माती ओली असून सुरकुतलं असेल तर मुळं कुजलीत, आणि तेव्हा लोक घाबरून आणखी पाणी घालतात.

नवी_पालवी · १२ ऑक्टोबर
माती ओली आहे. 😟

गवतीचहा · १२ ऑक्टोबर
मग आज कुंडीतून काढ. मुळं तपकिरी, लिबलिबीत असतील तर त्या झाडाचा मोह सोड आणि वरचे धडधाकट तुकडे वाचव. दोन-तीन सांध्यांचा तुकडा, कापू नकोस, पिळून मोड, सांध्यावर आपोआप सुटतो. एक-दोन दिवस सावलीत पडू दे, जखम सुकली पाहिजे. मग कोकोपीटमध्ये नखभर खोचायचा. महिनाभरात मूळ धरतो. याच्यासारखं सोपं कलम नाही, माझ्याकडे एका झाडाची अकरा झाली आणि आता माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्याला मी रिकाम्या हाताने जाऊ देत नाही.

पाचोळा · १२ ऑक्टोबर
माती साधी बागेतली नको, चिकट होते. मी पीट आणि परलाइट (हलके पांढरे खडे) घेतो. भारतात कोकोपीट, पानांचं खत आणि विटेचे बारीक तुकडे मिसळले तरी उत्तम. नानांनी सांगितलंच आहे, फांदीवरच्या पाचोळ्यात वाढणारं झाड. (माझ्या आयडीचा उल्लेख केल्याबद्दल आभार.)

ओसरी · १४ ऑक्टोबर
कृती आराखडा जाहीर करते. रोज संध्याकाळी सहाला कुंडीवर टीव्हीचं रिकामं खोकं पालथं घालायचं, सकाळी आठला काढायचं. चौदा तास. आजपासून सुरू.

अहो म्हणाले, "आमच्या लग्नात एवढं नियोजन नव्हतं."

बिनपाण्याची_बादली · १४ ऑक्टोबर
आणि ज्या दिवशी विसराल त्या दिवशी?

गवतीचहा · १४ ऑक्टोबर
एखादा दिवस चालतो. रोजचा 'एखादा दिवस' चालत नाही. खोकं फार जड आणि कामाचं वाटत असेल तर ज्या खोलीत संध्याकाळनंतर कोणी जात नाही अशा खोलीत ठेवून दे, काम झालं. आणि खत आता बंद, पाणी कमी. वरची इंचभर माती सुकली की मगच.

ओसरी · २६ ऑक्टोबर
मंडळी, आज आजींना भेटून आले. खरं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत, हसल्या. म्हणाल्या, "मला संशय होताच. तू दोन्ही वेळा रंग वेगळा सांगितलास."

मग मी विचारलं, तुम्ही नक्की काय करत होता? अंधार करायचात? खोकं घालायचात? त्यांना काही कळेचना. म्हणाल्या, काहीच करत नव्हते. मुलगा कॉलेजला गेल्यापासून मागची खोली रिकामी होती. हीटिंगचं बिल वाचवायला हिवाळ्यात त्या खोलीचा झरोका बंद, दार लोटलेलं. कुंडी तिथल्या खिडकीत. रविवारी चर्चहून आल्यावर पाणी घालायचं, आठवण राहिली तर. कळ्या दिसल्या की बाहेर दिवाणखान्यात.

मी तिथेच कपाळाला हात लावला.

पाचोळा · २६ ऑक्टोबर
गार खोली, अंधार, कमी पाणी. पुस्तकात आहे ते सगळं, पुस्तक न वाचता.

कुंडीतले_नाना · २७ ऑक्टोबर
'आठवण राहिली तर' हे खताच्या पिशवीवर छापायला हवं. माझ्याकडे कुंड्या घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांची झाडं पाण्याने गेलेली असतात, तहानेने नव्हे.

काटेकोरांटी · २७ ऑक्टोबर
रंग वेगळा सांगितलास म्हणे! ओसरी, तू खोटं बोलायचा व्यवसाय करू नकोस.

ओसरी · ११ नोव्हेंबर
कळ्या!!! 🌸 सुरुवातीला नवी पालवी असेल वाटलं, टोकाला टाचणीच्या डोक्याएवढं लाल. भिंगातून बघितलं. मोजल्या, एकोणीस. प्रचि टाकते आहे, धूसर आहे कारण हात थरथरत होता.

झेपेल_तेवढं · ११ नोव्हेंबर
अभिनंदन! पेढे कुठेत?

मेलबर्नची_माई · ११ नोव्हेंबर
आता खरी परीक्षा. कुंडी हलवू नकोस, फिरवू नकोस, दुसऱ्या बाजूने छान दिसते म्हणून वळवू नकोस. दाराच्या झोतात नको, हीटरजवळ नको. माती पार सुकवू नकोस आणि भिजवूही नकोस. कळ्या गळायला याला निमित्त लागत नाही. एका वर्षी माझ्या सगळ्या गळल्या. तेव्हा फळांची टोपली शेजारी होती. पिकणाऱ्या केळ्या-सफरचंदांतून इथिलीन वायू निघतो, त्याने कळ्या झडतात हे नंतर कळलं.

ओसरी · १२ नोव्हेंबर
आणि खोकं? ते चालू ठेवायचं ना?

गवतीचहा · १२ नोव्हेंबर
कळ्या स्पष्ट दिसल्या की खोक्याची गरज नाही. समई लावा खुशाल.

ओसरी · ३० नोव्हेंबर
थँक्सगिव्हिंगला घरी बारा माणसं होती. सासूबाईंनी कौतुकाने कुंडी उचलून जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवली. मी स्वयंपाकघरात होते. टेबलावर शेजारी काय होतं? केळी. शिकरणासाठी पिकत ठेवलेली.

आज सकाळी सात कळ्या खाली. घरात शोककळा, मी बोलत नाहीये, सासूबाई म्हणतायत "दृष्ट लागली".

शुभंकर · ३० नोव्हेंबर
मी काही बोलत नाही.

काटेकोरांटी · ३० नोव्हेंबर
आत्ताच बोललात.

कुंडीतले_नाना · १ डिसेंबर
ओसरीताई, सासूबाईंना माफ करा. एकोणिसातल्या बारा उरल्यात, आणि या जातीत कळ्या मागाहूनही येतात. केळ्यांपेक्षा हलवल्याचा धक्का मोठा असावा. टेबलावर किती तास होती केळी?

ओसरी · १ डिसेंबर
दोन दिवस. शिकरण राहूनच गेलं.

बिनपाण्याची_बादली · १ डिसेंबर
मग केळ्यांना दोष देता येईल हो. धागा वाचून मीही आमच्या घरातला (विरारचा) बाहेर काढला, रात्री एसीच्या खोलीत ठेवतो, अठरावर. बायको म्हणते पाहुणे आले की आपण पंखा, आणि झाडाला एसी.

तिरफळ · २ डिसेंबर
@बादली, हे मला सुचलं कसं नाही! अंधारही आणि गारवाही. फक्त एसीचा झोत थेट नको. वीजबिलाचा आकडा कळवा, मग ठरवते.

नवी_पालवी · ५ डिसेंबर
गवतीचहा, आठ तुकडे लावले होते, सहा धरले. टोकाला कोवळा पोपटी सांधा फुटलाय! मांजरीने एक उपटला, एक कुजला.

भारतात आईकडे पाठवायचा विचार आहे. येत्या सुट्टीत बॅगेत दोन तुकडे गुंडाळून नेले तर?

पाचोळा · ५ डिसेंबर
नको. परवानगी आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र नसताना रोप किंवा कलम भारतात नेता येत नाही, त्यासाठी २००३ चा वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेश आहे. यांच्या मुळांबरोबर बुरशी आणि सांध्यांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण सहज प्रवास करतात. पुण्या-बंगळुरूच्या नर्सऱ्यांत मिळतं की, तिथूनच घेऊन दे.

कुंडीतले_नाना · ६ डिसेंबर
पूर्ण अनुमोदन. फड्या निवडुंगही कोणीतरी बाहेरूनच आणला होता. आईंचं घर पुण्यात असेल तर निरोप पाठवा, माझ्या जिन्याखालून एक कलम नेऊ देत.

ओसरी · २३ डिसेंबर
फुललं.

परवा एक, काल चार, आज नऊ. फूल उलट्या टांगलेल्या कर्णफुलासारखं, पाकळ्या मागे वळलेल्या, आणि मधून लांबलचक झुपका बाहेर. नाना, परागकोश जांभळट गुलाबी आहेत! रंग अस्सल गुलाबी, आता चुकीचा सांगणार नाही. एक फूल आठवडाभर तरी टिकतं का?

कुंडीतले_नाना · २३ डिसेंबर
गार जागेत असेल तर तेवढं सहज. मूळ गावी हमिंगबर्ड येतात त्याच्याकडे, म्हणून ती तशी नळीसारखी रचना. संपल्यावर महिनाभर पाणी अगदी कमी, विश्रांती. कुंडी बदलायची असेल तर वसंतात, आणि फार मोठी नको, याला जरा दाटीवाटी आवडते.

डबलबीन · २३ डिसेंबर
वाचनखूण साठवली. प्रचि कसला सुंदर आलाय, हात थरथरला नाही यावेळी.

ओसरी · २७ डिसेंबर
शेवटचं अपडेट. कुंडी हलवायची नाही म्हणून आजींकडे फोटो नेला होता, मोठा छापून. त्यांनी तो बराच वेळ डोळ्यांजवळ धरला, मग म्हणाल्या, "एक तुकडा आण मला. तीन सांध्यांचा." त्यांची खोली लहान आहे पण पूर्वेची खिडकी आहे. मी आज फुलं नसलेल्या बाजूची एक फांदी पिळून मोडली, सुकायला ठेवलीये.

काळजी एवढीच की त्या इमारतीत बाहेरच्या बोळातले दिवे रात्रभर चालू असतात, दाराच्या वरच्या काचेतून आत उजेड येतो. मी म्हटलं, खोकं आणून देते, रोज कोणाला तरी झाकायला सांगा. तर म्हणाल्या, "खोकं नको. माझा खिडकीचा पडदा चांगला जाड आहे, कुंडी पडद्याच्या पलीकडे राहील. आणि संध्याकाळी साडेसातला मी झोपतेच."

काटेकोरांटी · २७ डिसेंबर
आजींना आमचा नमस्कार सांग. ठाण्यात आज रात्री तेवीस अंश, माझ्या कुंडीत कळ्या शून्य. बादली, वीजबिल आलं का?

बिनपाण्याची_बादली · २८ डिसेंबर
आलं. कळ्या तीन आल्यात. एक कळी साधारण सातशे रुपयांना पडली.